पोरं आवडीनं गेली की ओढून नेली?

प्रश्न निपाणी भागातल्या मराठी माध्यमाच्या हायस्कुलात समाज विज्ञान शिकवणाऱ्या एका शिक्षिकेचा आहे: “सर, दहावीला नाझीवाद, फॅसिझम घेताना मुलं हमखास विचारतात, हिटलरच्या मागं एवढी लहान पोरं लागली कशी? जबरदस्तीनं का आवडीनं? पुस्तकात त्यावर जेमतेम दोन ओळी. मग एखादा उठतो नि म्हणतो, एनसीसीतही परेड असते, आमच्या गल्लीच्या मंडळातही सगळ्यांना एकसारखे टी-शर्ट असतात, मग त्यात नि यात फरक काय? नेमकं काय सांगायचं? आणि शेवटी त्या पोरांचं झालं काय?”

आधी आवडीनं, शेवटी जबरदस्तीनं. पण या दोहोंच्या मधे काही वर्षांचा एक टप्पा होता आणि खरी मेख तिथं आहे. त्या काळात कायद्यानं कुणाला ओढून नेलं नाही, फक्त बाकीची दारं एकेक करून लावून घेतली. हा मधला टप्पा दाखवला नाही तर पेपरात दोनच उत्तरं येतात. ‘हिटलर दुष्ट होता म्हणून त्यानं पोरांना पकडलं’ हे एक, आणि ‘हिटलरकडे शिस्त होती म्हणून पोरं गेली’ हे दुसरं. दुसरं जास्त घातक, कारण ते बहुतेक वेळा घरून येतं. कडक हेडमास्तरांना अर्ध्या कौतुकानं ‘हिटलर’ म्हणायची आपल्याकडं पद्धतच आहे.

सुरुवात आकड्यांनी करा, ते फळ्यावर लिहा. हिटलर युगेंड, म्हणजे हिटलरची युवक संघटना, या नावानं १९२६ च्या जुलैत वायमार शहरात उभी राहिली. सहा वर्षं खटपट करून १९३२ अखेर सभासद होते सुमारे १ लाख ८ हजार. जानेवारी १९३३ मध्ये हिटलर चॅन्सेलर झाला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस आकडा गेला २३ लाखांच्या घरात. १९३६ अखेर ५४ लाख. १९३९ च्या सुरुवातीला ७३ लाखांच्या जवळ. त्या वेळी जर्मनीत १० ते १८ वयाची मुलं-मुली साधारण ८९ लाख होती. म्हणजे शंभरातली ब्याऐंशी आत.

आता वर्गाला विचारा: सक्तीचा कडक हुकूम निघाला २५ मार्च १९३९ ला, मग त्याच्या आधीच एवढी पोरं आत कशी? पुढचा सगळा तास या प्रश्नावर चालतो.

पहिलं, संघटनेनं पोरांना काय दिलं ते सांगायला लाजू नका. शिक्षक इथंच अडखळतात. चांगलं काही सांगितलं तर नाझींची भलामण होईल असं वाटतं. पण आमिषात गोडवा नसता तर ते लागलं नसतं. खेड्यातल्या पोराला घराबाहेरची पहिली मुक्कामी सहल मिळाली. तंबू, शेकोटी, गाणी, रात्रीचं चालणं. ज्याला मोटारसायकलीचं वेड त्याला मोटार विभाग, ज्याला विमानाचं त्याला ग्लायडर, कुणाला नौका, कुणाला तारायंत्र. मुलींचं तर अजून सोपं होतं. १० ते १४ च्या मुलींचा वेगळा विभाग, १४ ते १८ चा वेगळा. ज्या मुलीला शाळेतून घरी आल्यावर भांडी आणि धाकटी भावंडं एवढंच ठाऊक, तिला आईबापांच्या परवानगीनं मैदानावर पळायला आणि मैत्रिणींबरोबर बाहेरगावी जायला मिळालं. ज्या संघटनेचा अंतिम हेतू तिला पुन्हा चूल-मुलाकडं पाठवण्याचा, तिनंच तिला काही वर्षं घरातून सोडवलं. हा विरोधाभास खानापूर-चिकोडीकडच्या मुलींना लगेच उमगतो, त्यांना वेगळं समजावावं लागत नाही.

यातलं जवळजवळ काहीच नाझींनी शोधलेलं नव्हतं. पाठपिशवी टाकून रानावनात भटकणाऱ्या जर्मन पोरांच्या टोळ्या १९०० च्या आसपासच निघाल्या होत्या, आणि बेडन-पॉवेलचं स्काउट १९०७ पासूनचं. सोव्हिएत रशियातही तेच झालं. स्काउटांवर बंदी घातली आणि १९२२ मध्ये पायोनियर ही सरकारी मुलांची संघटना काढली, तर रुमाल, पथक, शिबिर, एवढंच काय ‘तयार राहा’ हे घोषवाक्यसुद्धा स्काउटांचंच उचललं. हुकूमशाही पोरांच्या आवडीचं नवं काही निर्माण करत नाही, ती आहे त्याचा ताबा घेते. हे वाक्य मुलांना वहीत लिहून द्यायला हरकत नाही.

दुसरं, वय. प्रवेश दहाव्या वर्षी. दरवर्षी त्या वर्षात दहा पूर्ण होणाऱ्या मुलांची नोंद आधी व्हायची आणि २० एप्रिलला, हिटलरच्या वाढदिवशी, सगळ्यांचा एकत्र शपथविधी. मग मुलग्यांसाठी चाचणी: ६० मीटर १२ सेकंदांत पळायचं, २.७५ मीटर लांब उडी, चेंडू २५ मीटर फेकायचा, दीड दिवसाची पायी सहल, आणि पक्षाचं गाणं नि शपथ तोंडपाठ. जमलं की कमरेला लावायला सुरी, पात्यावर ‘रक्त आणि सन्मान’ कोरलेलं. हे आकडे नीट बघा. चारचौघांसारख्या धडधाकट पोराला थोड्या सरावानं जमतील असेच आहेत. अवघड वाटावी पण बहुतेकांना पार पडावी, अशी ती चाचणी आहे. पोराला वाटतं आपण मिळवलं. फुकट मिळालेल्या पट्ट्यापेक्षा पळून मिळवलेली सुरी जिवाला जास्त लागते.

तिसरं सगळ्यात कमी सांगितलं जातं. पोरांवर पोरंच नेमलेली होती. ‘तरुणांचं नेतृत्व तरुणांनीच करावं’ हे संघटनेचं अधिकृत सूत्र. दहा-पंधरा जणांच्या गटावर तेरा-चौदा वर्षांचा म्होरक्या, आणि शंभर-दीडशेच्या पथकावर सोळा-सतरा वर्षांचा. मास्तर नाही, पाद्री नाही, बाप नाही. चौदा वर्षांच्या पोराच्या हातात खरी सत्ता द्या, त्याच्या खांद्यावर दोरी चढवा, त्याला पंधरा जणांना रांगेत उभं करू द्या, मग त्याला पक्षाचं भाषण ऐकवायची गरज पडत नाही. आपली पत टिकवण्यासाठी तोच वरचा हुकूम खाली घट्ट पोचवतो. शिवाय प्रत्येक पायरीवर वरची पायरी दिसत असते. बुधवारी संध्याकाळी गटाची बैठक व्हायची, तिच्यासाठी काय वाचायचं, कुठलं गाणं, कुठला विषय, याचं छापील साहित्य वरून यायचं. रेडिओवर त्याच संध्याकाळी तरुणांचा कार्यक्रम. म्होरक्या चौदाचा असला तरी बोलणं बर्लिनचं.

आता मधला टप्पा. इथं जर्मनीतली नावं मुलांच्या डोक्यावरून जातात, म्हणून तेच आपल्या गावात आणून दाखवा. बेळगाव शहरातली कुठलीही जुनी गल्ली घ्या. तिथल्या बारा वर्षांच्या पोराला आज गल्लीचं गणेशोत्सव मंडळ आहे, तालीम आहे, शिवजयंतीच्या चित्ररथावर मावळा व्हायचं आहे, शाळेत स्काउट आहे, रविवारी क्रिकेट आहे. शेजारच्या पोराला चर्चचा मुलांचा गट आहे, पलीकडच्याला मशिदीशेजारचा अभ्यासवर्ग. आता समजा, एके दिवशी पन्नासएक पोरं सगळ्या मंडळांच्या मध्यवर्ती कचेरीत घुसली आणि कागदपत्रं, सभासदांच्या याद्या, शिक्के ताब्यात घेतले. दोन महिन्यांत त्यांच्याच पुढाऱ्याला सरकारनं सगळ्या मंडळांचा प्रमुख नेमला. तालमीची किल्ली, ढोल, मंडळाची खोली सगळं एकाच संघटनेच्या नावावर. ज्या मंडळांनी कुरकुर केली ती बरखास्त. चर्चच्या गटाला सांगितलं, प्रार्थना खुशाल करा, पण क्रिकेट नको, सहल नको, गणवेश नको. आणि शनिवारची सकाळची शाळा फक्त जे बाहेर राहिले त्यांच्यासाठी. सभासदांना त्या दिवशी मैदान.

यातली प्रत्येक गोष्ट जर्मनीत झालेली आहे. ५ एप्रिल १९३३ ला बर्लिनमधल्या युवक संघटनांच्या मध्यवर्ती समितीच्या कचेरीचा ताबा घेतला गेला. जूनमध्ये हिटलर युगेंडचा पुढारी बाल्डुर फॉन शिराख हा राइखचा, म्हणजे सगळ्या जर्मनीचा, युवक प्रमुख झाला आणि लगेच भटक्या टोळ्यांचा मोठा महासंघ मोडला. डिसेंबरमध्ये प्रॉटेस्टंट चर्चचे युवक गट एका करारानं संघटनेत घातले. कॅथलिक गटांना पोपबरोबरच्या जुलै १९३३ च्या करारानं संरक्षण होतं, म्हणून त्यांचा गळा हळूहळू आवळला. आधी दोन्हीकडं सभासद राहायला बंदी, १९३५ मध्ये खेळ, सहली, गणवेश बंद, आणि १९३९ पर्यंत संपूर्ण बंदी. शनिवारची सोय १९३४ च्या उन्हाळ्यात सुरू झाली, १० ते १४ वयाच्या सभासदांसाठी.

वर्गात बसून राहिलेल्या त्या चार-पाच पोरांचा विचार करायला सांगा. त्यांना कुणी मारलं नाही, दंड केला नाही. फक्त खिडकीतून मैदान दिसत होतं. शिवाय बाप सरकारी नोकर असला तर वरचा साहेब विचारणार, पोरगं अजून आत का नाही? १ डिसेंबर १९३६ चा कायदा आला तेव्हा काम बरंचसं झालेलं होतं. त्या कायद्यानं म्हटलं की घर आणि शाळा सोडून उरलेल्या सगळ्या संस्कारांची जबाबदारी या संघटनेची. १९३९ च्या हुकुमानं सेवा सक्तीची केली. मुद्दाम नोंद न करणाऱ्या पालकाला १५० मार्कांपर्यंत दंड किंवा कोठडी, आणि मुलाला जाण्यापासून अडवणाऱ्याला तुरुंग. कायदा शेवटी आला, उरलेल्यांसाठी. मुलं हा क्रम उलटा लिहितात. सगळ्या धड्यात दुरुस्त करण्यासारखी एकच चूक निवडायची असेल तर ही निवडा.

घरापर्यंत हात कसा पोचला, याबद्दल थोडं जपून बोला. ‘प्रत्येक पोरगं आईबापांवर हेरगिरी करत होतं’ असं सरसकट सांगितलं जातं, ते खरं नाही. तक्रारी झाल्या, पण मोठा परिणाम वेगळाच होता. तक्रार होऊ शकते एवढं ठाऊक असलं की बाप जेवताना बोलायचा थांबतो. बोलणं थांबलं की पोराला दुसरी बाजू ऐकू येतच नाही. काही ठिकाणी न्यायालयांनी तर मुलं आईबापांकडून काढूनही घेतली, विशेषतः यहोवाचे साक्षीदार या पंथाच्या कुटुंबांतली. रशियात पाव्लिक मोरोझोव्ह या पोराची गोष्ट सांगतात. १९३२ मध्ये गेरासिमोव्हका गावात त्याचा खून झाला, आणि बापाला सरकारकडं पकडून देणारा आदर्श बालवीर म्हणून त्याचे पुतळे उभे राहिले. त्यानं तक्रार खरंच केली का, कशासाठी केली, याबद्दल इतिहासकारांना दाट शंका आहेत. पण सरकारला अशी गोष्ट आदर्श म्हणून हवी होती, यात शंका नाही. वर्गासाठी तेवढं पुरे.

आणि ज्यांना आत घेतलंच नाही ते? ज्यू मुलांना संघटनेत प्रवेश नव्हता, आणि नोव्हेंबर १९३८ मध्ये त्यांना सरकारी शाळांतूनही काढलं. हा मुद्दा ‘अत्याचार’ या वेगळ्या मथळ्याखाली टाकू नका. तो याच धड्यातला आहे. आतल्या पोराला ‘आपण निवडलेले’ वाटायचं ते कुणीतरी बाहेर ठेवलेलं होतं म्हणून. कालपर्यंत बाकावर शेजारी बसणारा गेला, आणि कुणी विचारलं नाही. संघटनेनं शिकवलेली ही सगळ्यात मोठी गोष्ट, आणि ती कुठल्याही छापील पुस्तिकेत नव्हती.

यंत्र बिघडत होतं तेही सांगा, नाहीतर मुलांना वाटतं हुकूमशाहीचं सगळं तेल घातल्यासारखं चालतं. शनिवारची ती योजना १९३६ अखेर गुंडाळावी लागली. एवढ्या पोरांना दिवसभर गुंतवायला म्होरकेच पुरेना, आणि शाळांचा अभ्यास ढासळला. सगळ्यांना आत घेतल्यावर ‘निवडलेले’पणाची मजा गेली. कवायत वाढली, सहली कमी झाल्या, बुधवारची बैठक कंटाळवाणी. युद्ध सुरू झाल्यावर मोठे म्होरके सैन्यात गेले आणि त्यांच्या जागी आणखी लहान, आणखी अडाणी पोरं आली. मग कामगार वस्त्यांतली पोरं वेगळ्या टोळ्या करून भटकू लागली, संघटनेच्या गस्ती पथकांशी मारामाऱ्या करू लागली. एडेलवाइस पायरेट्स या नावानं त्या ओळखल्या जातात. नोव्हेंबर १९४४ मध्ये कोलोन शहरात १३ जणांना भर रस्त्यात फाशी दिली, त्यात त्या टोळ्यांतली सोळा-सतरा वर्षांची पोरं होती. हँबुर्गकडची सुखवस्तू घरातली पोरं बंदी असलेल्या स्विंग संगीतावर नाचायची, तेवढ्यावरून काहींची छळछावणीत रवानगी झाली. हान्स आणि सोफी शोल ही भावंडं तर आधी याच संघटनेत उत्साहानं होती. हान्स म्होरक्याही होता. पुढं त्यांनी म्युनिकमध्ये युद्धाविरुद्ध पत्रकं वाटली आणि २२ फेब्रुवारी १९४३ ला दोघांचा शिरच्छेद झाला. आत गेलेला प्रत्येक जण कायमचा गेला असं नाही. मात्र बाहेर पडायची किंमत तेवढी होती.

दुसरे देश फार खोलात घेऊ नका, पण एकेक फरक दाखवा. इटलीत मुसोलिनीनं १९२६ मध्ये बालिल्ला ही संघटना काढली. तिथं बरेचदा प्राथमिक शाळेचे मास्तरच पथकप्रमुख, म्हणजे पोरांवर पोरं हा जर्मन चाणाक्षपणा नव्हता, आणि कागदावरचे सभासद नि अंगातला जोर यात मोठी तफावत राहिली. रशियात शाळेच्या वर्गालाच पायोनियर पथक करून टाकलं, पुढं चौदाव्या वर्षापासून कोमसोमोल, म्हणजे कम्युनिस्ट पक्षाची युवक संघटना. चांगलं कॉलेज, चांगली नोकरी तिच्यातून. तिथं श्रद्धेपेक्षा बढतीची शिडी महत्त्वाची ठरली, आणि म्हणूनच ती टिकलीही जास्त. युद्धानंतरच्या कम्युनिस्ट पूर्व जर्मनीत सरकारी युवक संघटनेचं सभासद होणं कागदोपत्री ऐच्छिक. नाही झालात तर कॉलेजचा प्रवेश अवघड, एवढंच.

चीनचं प्रकरण निराळं आहे, त्याला पाच मिनिटं जास्त द्या. १९६६ च्या मे महिन्यात बीजिंगमधल्या छिंगहुआ विद्यापीठाला जोडलेल्या शाळेतल्या पोरांनी ‘लाल रक्षक’ गट काढला. १ ऑगस्टला माओनं त्यांना पाठिंब्याचं पत्र लिहिलं. १८ ऑगस्टला तिआनआनमेन चौकात दहा लाखांच्या आसपास पोरं जमली, आणि नोव्हेंबरपर्यंत असे आठ मेळावे झाले, एकूण एक कोटीच्या वर. पोरांना देशभर रेल्वेनं फुकट फिरायची मुभा होती. पहिल्या बळींत शिक्षकच होते. बीजिंगच्या एका मुलींच्या शाळेतल्या उपमुख्याध्यापिका ब्यान चुंगयुन यांना ५ ऑगस्टला त्यांच्याच विद्यार्थिनींनी मारहाण करून ठार केलं. इथं शासनयंत्रणेनं पोरांना रांगेत उभं केलं नव्हतं. सर्वोच्च नेत्यानं स्वतःच्याच पक्षातल्या विरोधकांवर त्यांना सोडलं होतं. काम झाल्यावर, १९६८ च्या डिसेंबरपासून, ‘खेड्यात जा, शेतकऱ्यांकडून शिका’ म्हणून शहरी तरुणांना लाखोंनी बाहेर काढलं. त्यातल्या अनेकांचं शिक्षण कायमचं बुडालं.

घरचं उदाहरण कुणी विचारेल, तर आणीबाणी आहे. जून १९७५ ते मार्च १९७७. संजय गांधींचा पाच कलमी कार्यक्रम (कुटुंबनियोजन, झाडं लावणं, हुंडाबंदी, साक्षरता, जातिनिर्मूलन) युवक काँग्रेसमार्फत राबवला गेला. कलमं वाचली तर एकालाही विरोध करता येत नाही, पण नसबंदीची सक्ती त्यातूनच झाली. तरी एकच सक्तीची युवक संघटना, दहाव्या वर्षापासून, असं भारतात झालं नाही, आणि निवडणूक झाल्यावर सत्ता गेली. दोन्ही गोष्टी सांगा. एकच सांगितलीत तर दुसऱ्या दिवशी कुणाचा तरी बाप शाळेत येतो.

आता एनसीसी आणि मंडळ. गणवेश, कवायत, झेंडा, घोषणा यावरून काही ठरत नाही, हे आधी साफ करा. आपल्याच गावचा दाखला हाताशी आहे. १९२४ च्या डिसेंबरात बेळगावात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन भरलं, तेव्हा डॉ. ना. सु. हर्डीकरांच्या हिंदुस्थानी सेवा दलाचे स्वयंसेवक गणवेशात, शिस्तीत राबत होते. ही लष्करी थाटाची कवायत अहिंसेत बसते का, अशी कुरकुर काँग्रेसच्याच पुढाऱ्यांत होती, ती उघडपणे मांडली गेली, आणि दल चालूही राहिलं. शंका घेणारा आत बसून शंका घेऊ शकत होता.

मुलांना चार गोष्टी तपासायला लावा. सोडून जाता येतं का, आणि सोडल्यावर मार्क, प्रवेश, बापाची नोकरी यातलं काही जातं का? याच्याबरोबर दुसरीकडंही जाता येतं का? घरात काय बोलतात ते तिथं विचारतात का? आणि कुणाला आत घेत नाहीत, का घेत नाहीत? एनसीसीला लावून बघा. १९४८ चा कायदा आहे, पण प्रवेश स्वेच्छेनं. कंटाळा आला तर सोडता येतं, एनसीसीतलं पोरगं संध्याकाळी तालमीत जातं, कुणी अडवत नाही. मंडळाला लावा. वर्गणीवरून भांडण झालं की पोरं पलीकडच्या गल्लीत दुसरं मंडळ काढतात. आपण त्यावर वैतागतो, पण हुकूमशाहीच्या दृष्टीनं ही सगळ्यात मोठी अडचण आहे. चौथ्या प्रश्नावर मात्र वर्ग शांत होतो, कारण आपल्या काही मंडळांत नि तालमीत कुणाला घेत नाहीत हे मुलांना चांगलं ठाऊक असतं. तिथं घाई करून सारवासारव करू नका. त्यामुळं मंडळ हिटलरचं होत नाही, पण प्रश्न खराच आहे.

१ नोव्हेंबरचा विषयही निघणार. त्या दिवशी बेळगाव शहरात राज्योत्सवाची, म्हणजे कर्नाटक स्थापना दिनाची, मिरवणूकही असते आणि सीमाभाग महाराष्ट्रात नाही म्हणून निषेधाच्या काळ्या दिनाची फेरीही, दोन्हींत शाळकरी पोरं दिसतात. बाजू घेऊ नका. तेच चार प्रश्न दोन्हींना लावायला सांगा, आणि एक पाचवा: पोराला जायचं नसेल तर घरात, गल्लीत, शाळेत ‘नको’ म्हणता येतं का? उत्तर प्रत्येकानं मनात द्यायचं. हात वर करायला लावू नका.

शिकवण्याच्या दोन-चार गोष्टी. याला दोन तास लागतात. पहिल्या तासाला फळ्यावर १९३५ सालच्या बारा वर्षांच्या सभासद पोराचा आठवडा आखा: पाच दिवस शाळा, बुधवारी संध्याकाळी बैठक, शनिवारी मैदान, रविवारी बरेचदा सहल, म्हणजे चर्च चुकलं. आईबापांबरोबरचे मोकळे तास किती उरले ते मुलांनाच मोजू द्या. हे कुठल्याही भाषणापेक्षा लवकर पटतं. दुसऱ्या तासाला वरचा आकड्यांचा तक्ता आणि दारं लावण्याच्या तारखा शेजारी शेजारी, मग चार प्रश्न.

एफएचा (आकारिक मूल्यमापनाचा) उपक्रम म्हणून भित्तिपत्रक देऊ नका. दिलंत की मोबाइलवरून हिटलरचे देखणे फोटो छापून येतात आणि दुसऱ्या दिवशी दोघांच्या स्टेटसला तेच. नाझींचं चिन्ह दाखवायचं असेल तर दारातल्या रांगोळीतल्या स्वस्तिकाशी त्याची गल्लत होणार, हे गृहीत धरून एका वाक्यात फरक सांगा आणि पुढं व्हा. त्यात तास घालवू नका. नाटुकलं तर नकोच, ‘तू म्होरक्या, तुम्ही पोरं’ असं काही. १९६७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोच्या एका हायस्कुलात रॉन जोन्स या इतिहासशिक्षकानं असा प्रयोग केला. सलामी, शिस्त, सभासदपत्रं. पाच-सहा दिवसांत तो त्याच्याच हाताबाहेर जाऊ लागला आणि बंद करावा लागला. पोरांना सत्ता हातात आल्याची चव आवडते, आणि तेवढीच लक्षात राहते. बाकीचा धडा जातो.

शेवटचा प्रश्न, त्या पोरांचं पुढं काय झालं? १९३६ मध्ये दहा वर्षांचा असलेला मुलगा १९४४ मध्ये अठराचा झाला. १९२६ साली जन्मलेल्यांतूनच प्रामुख्यानं ‘हिटलरयुगेंड’ नावाची एसएसची, म्हणजे नाझी पक्षाच्या सशस्त्र दलाची, १२ वी तुकडी उभी केली होती. जून १९४४ मध्ये नॉर्मंडीत ती लढली आणि महिन्या-दोन महिन्यांत तिची धूळधाण झाली. ऑक्टोबर १९४४ मध्ये १६ ते ६० वयाच्या पुरुषांची नागरी फौज जाहीर झाली, आणि शेवटी शेवटी त्याहून लहान पोरंही बर्लिनच्या रस्त्यांवर रणगाड्यांसमोर होती. ऑक्टोबर १९४५ मध्ये दोस्त राष्ट्रांच्या नियंत्रण मंडळानं कायद्यानं संघटना बरखास्त केली. न्यूरेंबर्गच्या युद्धगुन्ह्यांच्या खटल्यात शिराखला २० वर्षांची शिक्षा झाली, पण ती व्हिएन्नातल्या ज्यूंना हद्दपार केल्याबद्दल, पोरांबद्दल नाही. जर्मनीच्या अमेरिकेच्या ताब्यातल्या भागात १९४६ मध्ये १ जानेवारी १९१९ नंतर जन्मलेल्यांना सरसकट माफी मिळाली, गंभीर गुन्हे सोडून. माफी योग्य होती का, यावर वर्गात दोन गट पडतील. पडू द्या, आणि दोन्ही बाजूंची कारणं वहीत लिहायला सांगा. पेपरात हा प्रश्न येत नाही, त्यामुळं कुणाचे मार्क जाणार नाहीत.